भटकी आई, दोन पिल्लं आणि मागची खोली : माणसाळवण्याच्या नोंदी

18 नोव्हेंबर 2023

शेजारच्या रिकाम्या बंगल्याला आज पत्रे लागले. तिथे फ्लॅट स्कीम होणार, पाडकाम याच महिन्यात सुरू होईल. त्या बंगल्याच्या पडवीत एक मांजर आणि तिची दोन पिल्लं राहतात. 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या डागा लेआउटमध्ये शिरलं, तेव्हा नुकतेच डोळे उघडलेली ही पिल्लं तिने एकेक करून तोंडात धरून आमच्या जिन्यावर आणली होती. पाणी ओसरलं तशी पुन्हा बंगल्यात गेली. खायला मीच देते, पण सहा-सात हातांच्या आत ती मला येऊ देत नाही.

बाहेर वाढलेल्या मोठ्या मांजरीची नसबंदी करून तिला तिच्याच जागी सोडणं हा एरवी बरा मार्ग. इथे ती जागाच राहणार नाही आणि रस्त्यापलीकडे कुत्र्यांची टोळी आहे. म्हणून तिघांनाही घरात घ्यायचं ठरवलं आहे. आमच्यासारखं कुणी करायला निघालं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

आईला घरात सगळे 'मोठी' म्हणतात. नारिंगी बोका 'तर्री', राखाडी पिल्लू 'राखुंडी'.

20 नोव्हेंबर

मागची खोली रिकामी केली. भटक्या मांजराला एकदम सगळं घर द्यायचं नाही, एकच लहान खोली द्यायची, आणि त्या खोलीत आपला हात पोचणार नाही अशी एकही फट ठेवायची नाही. बॉक्सचा पलंग बाहेर काढला. कपाटाच्या मागची फट उशा कोंबून बंद केली. खिडकीला डासांची नायलॉन जाळी होती. ती नखांपुढे टिकणार नाही, म्हणून आतून अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी स्क्रूने ठोकली. जाळी, पट्ट्या आणि मजुरी मिळून 1,150 रुपये.

कूलर मात्र हलवला नाही. उन्हाळा संपला की आमचा मोठा लोखंडी कूलर चादर टाकून याच खोलीत पडून असतो, नागपुरातल्या बहुतेक घरांत असतो तसा. तो भिंतीला सरकवला आणि पुढच्या कामाला लागलो.

पिंजरा कूलर बनवणाऱ्याकडूनच करून घेतला. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, खाली पत्र्याचा सरकता ट्रे. दुकानदार म्हणाला, "ताई, आता तर आम्ही बसूनच राहिलो ना. मार्चमध्ये आल्या असत्या तर उभं राहायलाही टाइम नसता भेटला." 2,400 रुपयांत काम झालं. अँगल, जाळी, वेल्डिंग, सगळं त्याच्याकडे तयार असतं, आणि हिवाळ्यात दोन दिवसांत मिळतं.

22 नोव्हेंबर

ओळखीच्या एकांकडून पकडायचा सापळा आणला. आमिषाला सुकट, कारण तिचा वास लांब जातो. पिल्लं संध्याकाळीच आत गेली आणि दार पडलं. मोठी बाहेर राहिली. पिल्लांना पिंजऱ्यात हलवून तो पडवीत सापळ्याच्या मागच्या अंगाला टेकवला आणि दोन्हींवर एकच चादर टाकली, म्हणजे पिल्लांपर्यंतची वाट सापळ्यातूनच दिसेल. रात्री एकच्या सुमारास ती आली.

सापळ्याचं दार पडल्याबरोबर त्यावर जाड कापड टाकायचं. अंधार झाला की मांजर बहुतेकदा धडका मारायचं थांबवते.

23 नोव्हेंबर

पिंजरा मोठीच्या कामाचा नाही. रात्रभर ती जाळीवर नाक घासत होती, सकाळी नाकाचा शेंडा सोलवटून रक्त आलं होतं. कापड झाकलं, लपायला खोकं ठेवलं, काही फरक नाही. पिल्लं मात्र त्याच पिंजऱ्यात एका कोपऱ्यात गपगार. दुपारी दार उघडून तिला खोलीत मोकळं सोडलं. भिंतीवरून एक फेरी, खिडकीवर एक उडी, आणि चादरीखालून ती थेट कूलरमध्ये शिरली. साफसफाईसाठी त्याची एका बाजूची गवताची ताटी काढलेली होती.

नवऱ्याने तिथेच पंख्याची मोटर आणि पंप सोडवून काढले. प्लगची वायरही काढली. पाती दोरीने बांधून टाकली. आता कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, वरून बंद, एका बाजूने उघडा. आत गोणपाट सरकवलं. हीच तिची जागा.

25 नोव्हेंबर

मोठी खात नाही. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून 'भूक लागली की खाईल' असं म्हणून वाट बघत बसायची नाही. डॉक्टरांना फोन केला. आज रात्रीही नाही खाल्लं तर घेऊन या, म्हणाले.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, प्रेमाने दुधाची वाटी ठेवली होती. मोठीने तोंड लावलं नाही, पिल्लांनी मात्र संपवली आणि दोघांना हगवण लागली. वाढत्या वयात मांजराला दुधातली साखर पचेनाशी होते. वाटी उचलली. आईंना वाईट वाटलं, तेव्हा पिल्लांसाठी कोंबडी शिजवायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मांजरांचं पातेलंच वेगळं केलं.

26 नोव्हेंबर

पहाटे साडेतीनला मोठीने खाल्लं. उकडलेल्या कोंबडीवर चिमूटभर सुकटीचा चुरा टाकला होता. ताटली कूलरच्या तोंडाशी होती आणि खोलीत कुणी नव्हतं. आता तीच वेळ, तीच ताटली, तीच जागा. सकाळी सात आणि रात्री साडेनऊ. ताटली ठेवायची, दोन शब्द बोलायचे आणि निघून यायचं.

29 नोव्हेंबर

शी-शूच्या मातीचा प्रश्न. विकतच्या लिटरकडे तिघंही बघत नव्हती. बाहेर ती स्कीमच्या रेतीच्या ढिगावर जायची, तेव्हा कन्हान नदीची बारीक रेती चाळून ट्रेमध्ये टाकली. त्याच रात्रीपासून तिघंही वापरू लागली. रेतीला वास धरतो, गोळा होत नाही आणि ट्रे उचलताना कंबर मोडते. म्हणून दर दोन दिवसांनी एक भांडं रेती काढायची आणि एक भांडं बेंटोनाइटचं लिटर मिसळायचं, असं सुरू केलं आहे. एकदम बदलायला गेलो तर ती कोपरा धरतील.

2 डिसेंबर

पिल्लं साधारण अकरा आठवड्यांची. डॉक्टरांनी दात आणि वजन बघून सांगितलं. पिल्लू महिन्याला सुमारे 450 ग्रॅम वाढतं, त्यावरून अंदाज येतो. जंताचं औषध आणि तिहेरी लसीचा पहिला डोस झाला. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर.

पिल्लांना माणसाची सवय सर्वांत सहज लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. आमची त्यापुढे गेलेली, म्हणजे होईल पण वेळ लागेल. अडचण वेगळीच निघाली. मी आत पाऊल टाकलं की मोठी कूलरमधून फिस्स करते आणि तिचं ऐकून पिल्लंही पाठी फुगवतात. ती त्यांना रोज मला घाबरायलाच शिकवते आहे. डॉक्टर म्हणाले, दूध सुटलंय, दिवसा वेगळी ठेवा.

आजपासून पिंजरा पिल्लांसह समोरच्या खोलीत, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात.

7 डिसेंबर

हे फार महत्त्वाचं आहे. सकाळी राखुंडीच्या तोंडाला लाळ सुटली आणि ती सारखे पंजे चाटत होती. लादी नुकतीच पुसलेली होती. आमच्या मावशी फिनाईल टाकून पुसतात, "फिनाईलशिवाय लादी साफ होते काय ताई?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. फिनाईलमधल्या फिनॉलचा निचरा मांजराच्या यकृताला करता येत नाही. कुत्र्याला चालेल तेवढंही मांजराला चालत नाही. मांजर लादीवरून चालते, पंजे चाटते, आणि विष पोटात जातं. पंजे कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतले, तिला तसंच दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली.

घरातलं फिनाईल गेलं, डांबरगोळ्याही गेल्या. आता साबणाचं पाणी. मावशींना राखुंडीचे पंजे दाखवून समजावलं. तेव्हापासून त्या पुसायच्या आधी पिंजऱ्याखालचा कागद स्वतः बदलतात. मांजराला विषारी असलेल्या गोष्टींच्या यादीत पॅरासिटामॉल सगळ्यात वर ठेवा. माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. बाकी औषधंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रीन असलेलं पिसवांचं औषधही नको.

10 डिसेंबर

पिल्लांसाठी जे चाललं ते असं. कोंबडी मिक्सरमधून पातळ पेस्ट करायची. ती लांब दांड्याच्या लाकडी पळीच्या टोकाला लावून पिंजऱ्यात धरायची. पळी चाटू लागली की दर वेळी हात दांड्यावर थोडा पुढे सरकवायचा. मग पेस्ट बोटावर. तर्री लवकर आला. राखुंडी पळीपर्यंत यायची आणि बोट दिसलं की मागे. तिच्यासाठी हातमोज्यातून बोट दिलं, मग मोज्याचं टोक कापून. पेस्ट फक्त हातातून मिळते, ताटलीत कधीच नाही. हा नियम एकदाही मोडला नाही, म्हणून जमलं.

खेळायला खराट्याच्या काडीला सुतळीचा तुकडा बांधला. खेळ झाला की सुतळी कपाटात बंद. मांजराने दोरा गिळला तर आतडी गोळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते.

14 डिसेंबर

मोठीची ताटली कूलरच्या आत सरकली होती. ती काढायला हात आत घातला आणि तिने अंगठ्याच्या बुडाशी दात रुतवले. लपायच्या जागेत हात गेला, तिच्या दृष्टीने याहून मोठा हल्ला नाही.

जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली. हळद नाही, चुना नाही, पट्टी नाही. तिथून थेट मेयो या सरकारी रुग्णालयात. कातडीतली रेबीजची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं होतं म्हणून रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडं) दिलं आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम लहान दिसते आणि आत पू होतो. मोठी गेले तीन आठवडे आमच्याच खोलीत आहे, तरी लस घ्यायचीच. रेबीजला नंतर उपाय नाही.

आता ताटली सळईच्या आकड्याने ओढते. हात कूलरमध्ये जाणार नाही.

21 डिसेंबर

मोठीची नसबंदी. पिल्लं पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि 63-65 दिवसांत पुढची वीण होते, म्हणून हे टाळायचं नाही. तिला पकडायचं कसं हा प्रश्न होता. सापळा दार बांधून आठवडाभर कूलरच्या तोंडाशी ठेवला आणि जेवण त्याच्या आत, रोज थोडं मागे. आज सकाळी फक्त दाराची दोरी सोडली. धावपळ नाही, टॉवेल नाही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. टाके आपोआप विरघळणारे आणि अँटिबायोटिक लांब टिकणारं इंजेक्शन द्या, असं आधीच सांगून ठेवलं होतं. अशा मांजरीला घरी गोळी देणं किंवा टाके काढायला परत नेणं शक्य नसतं.

सापळ्यातून सुटताच ती कूलरमध्ये गेली. रात्री साडेनऊला ताटली ठेवली. थोडंसं खाल्लं.

15 जानेवारी 2024

संक्रांत. गच्च्यांवर डीजे आणि "ओऽऽ काट" दिवसभर. मोठी कूलरबाहेर आली नाही. रात्री साडेनऊला ताटली ठेवली तेव्हा आली. हे मला फार मोलाचं वाटलं. गोंगाटापेक्षा वेळेवर विश्वास बसला आहे.

पिल्लं आता घरभर फिरतात. तर्री मुलाच्या दप्तरावर झोपतो.

4 फेब्रुवारी

रोज ताटली ठेवून मी आता निघत नाही. जमिनीवर, तिच्याकडे कुशी करून बसते आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तिने बघितलं की आपण डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे आणि मान वळवायची. आज पहिल्यांदा तिनेही मिटले. कूलरच्या तोंडाशी बसून, पुढचे पंजे छातीखाली घेऊन. उजव्या कानाच्या कडेला एक जुनी खाच आहे, ती मला इतके महिने दिसलीच नव्हती.

25 फेब्रुवारी

लाकडी पळी मोठीवरही चालली, पण खाण्यासाठी नाही. ती जेवत असताना पळीच्या पाठीने गालाला हलकेच स्पर्श केला. पहिल्यांदा मागे सरली, जेवण सोडलं नाही. आता पळीला गाल घासते. पाठ आणि शेपटीकडे जायचं नाही, गाल आणि कानामागची जागाच.

10 मार्च

ऊन तापायला लागलं. या महिन्यात कूलर खिडकीत जायला हवा आणि मोठीचं घर म्हणजे तोच कूलर. एक मन म्हणत होतं, दुसरा कूलर घ्यावा. पण त्यातूनही प्रश्न सुटत नाही. ती कूलरला बिळ समजते आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा समोरच्या खोलीतल्या चालू कूलरमध्ये शिरायला गेली तर पंखा आणि वीज दोन्ही आहेत.

प्लायवूडची पेटी करून घेतली. मापं आतून कूलरचीच, 900 रुपये. वास नवा नको म्हणून तिचं जुनं गोणपाट न धुता आत घातलं. पेटी कूलरशेजारी ठेवली आणि ताटली पेटीच्या तोंडाशी.

16 मार्च

पेटीत जात नाही. खाते आणि परत कूलरमध्ये. बराच वेळ बसून बघितलं तेव्हा कळलं. पेटीचं तोंड दाराकडे होतं. कूलरमध्ये बसून तिला दार दिसतं, पण दारातून ती दिसत नाही. पेटीत ती उघड्यावर पडल्यासारखी. तोंड भिंतीकडे वळवलं आणि मागच्या बाजूला दुसरं भोक पाडलं, म्हणजे एका तोंडाशी कुणी आलं तर दुसरीकडून निघता येईल. दाराच्या बाजूला दोन बोटांची फट, बाहेर बघायला.

19 मार्च

काल रात्रीपासून पेटीत. कूलर अजून हलवला नाही, तीन-चार रात्री तिथेच राहू दे.

24 मार्च

होळी. कूलर बाहेर काढला, ताट्यांचं गवत बदललं, मोटर आणि पंप परत बसवला. मोठीने रिकाम्या जागेचा वास घेतला आणि पेटीत गेली.

आज तो समोरच्या खोलीच्या खिडकीत लावून पहिल्यांदा चालू केला. आवाजाने राखुंडी पलंगाखाली आणि मोठीने रात्रीचं जेवण सोडलं. बंद केला. उद्यापासून वेगळी रीत. मागच्या खोलीचं दार बंद ठेवून, फक्त जेवणाच्या वेळी, आधी नुसता पंप, पाणी ठिबकण्याचा आवाज. मग पंखा सगळ्यात कमी वेगावर. मग दार फटीएवढं उघडं.

2 एप्रिल

कूलर चालू, दार अर्धं उघडं, मोठी जेवते आहे. पण तर्रीने दुसरीच गोष्ट दाखवली. खिडकीत कूलर बसवला की बाजूला फट उरते आणि आपण तिथे पुठ्ठा किंवा थर्माकोल कोंबतो. त्याने एका दुपारीत थर्माकोल कुरतडून डोकं बाहेर काढलं होतं. सगळी फट प्लायवूड आणि लोखंडी जाळीने बंद केली, कूलरच्या मागच्या आणि बाजूच्या ताट्यांवर बाहेरून जाळी लावली. 700 रुपये. मांजर असलेल्या घरात कूलर लावाल तेव्हा हे आधी करा, नंतर नाही.

तर्रीची नसबंदी गेल्या महिन्यात झाली. आता कोपऱ्यात मुतायचं लक्षण नाही.

21 एप्रिल

उन्हाची तयारी. पाण्याच्या मातीच्या कुंड्या तीन जागी, जेवणापासून लांब. शेजारी पाणी असलं की काही मांजरं कमी पितात. दुपारी मागच्या खोलीच्या खिडकीवर ओली चादर. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली तर ते साधं नाही, पोट आणि पंजे ओल्या कापडाने पुसून लगेच डॉक्टर.

मोठी आता माझ्या तळहाताला गाल लावते. उचलू देत नाही आणि मी प्रयत्नही करत नाही. पाहुणे आले की पेटीत जाते. तिला बास्केटमध्ये बसायची सवय लावणं बाकी आहे, कारण डिसेंबरमध्ये लसीला न्यायचं आहे. सापळ्यासारखीच ती बास्केट पेटीजवळ दार काढून ठेवली आहे आणि रात्रीचं जेवण आता तिच्यात.

लोखंडी पिंजरा मोकळा झाला. ओळखीतल्या एकांनी महाल भागातल्या वाड्यातून उचललेल्या तीन पिल्लांसाठी मागितला आहे. देण्याआधी ट्रे आणि जाळ्या साबणाने घासून, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ओल्या ठेवायच्या, नंतर खळखळून धुऊन उन्हात. मांजरांच्या पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही आणि त्यांच्या पिल्लांना अजून लस मिळालेली नाही.